कारागीर कवि विल्यम मॉरिस

पवित्र शास्त्रांतील निर्गमाच्या पुस्तकांत बसालेल नांवाच्या एका कारागिराची हकीकत आहे. निवासमंडप उभारावयाचा होता, तेव्हां सोन्यारुप्याचें काम, लांकडाचें कोरीव काम आणि निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचें विणकाम व भरतकाम करण्याची बुद्धि देवानें त्यास दिली, असें तेथें सांगितलें आहे. राजे, योद्धे व संदेष्टे यांच्या मालिकेंत एका कारागिराचेंहि नांव राखून ठेवलें गेलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपल्या समाजांत मात्र लेखणी धरणारा हात श्रेष्ठ आणि रंगांत बुडालेला हात कनिष्ठ, अशी समजूत फार दिवसांपासून घर करून बसली आहे. मुलगा शिकला म्हणजे त्यानें वडिलांचा माग सोडावा, असेंच पुष्कळ घरीं धरून चालतात. या समजुतीस ज्याच्या चरित्रानें मोठा धक्का बसतो, अशा एका पुरुषाची ओळख आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देत आहों. त्याचें नांव विल्यम मॉरिस.

मॉरिसचा जन्म इंग्लंडांत लंडन शहराजवळील वॉल्थमस्टो या गांवीं २४ मार्च १८३४ रोजीं झाला. त्याचा बाप लंडनच्या पेढ्यांच्या वस्तींत हुंड्यांची दलाली करीत असे. शिवाय डेव्हन परगण्यांतील तांब्याच्या एका खाणीचे भाग त्यानें घेतले होते. त्या खाणीस अकल्पित यश आलें आणि हें कुटुंब फार धनवान झालें. एपिंगचें विस्तीर्ण अरण्य घराजवळच असल्यामुळें विल्यमचें बाळपण झाडाझुडुपांच्या सहवासांत गेलें. तट्टावर बसून तो रानांत हिंडे, फुलें व पांखरें ओळखण्यास शिके, आणि घरीं जेरार्ड नांवाच्या जुन्या वनस्पतिवेत्त्याचा जाडजूड ग्रंथ उघडून त्यांतील चित्रें न्याहाळीत बसे. हा ग्रंथ १५९७ सालीं प्रसिद्ध झालेला. कोणतें रोप कोठें उगवतें आणि मनुष्याच्या कोणत्या उपयोगी पडतें, याचें त्यांत वर्णन आहे. आपल्याकडील निघंटूंच्या जातीचाच तो ग्रंथ होय. मोठेपणीं या ग्रंथाचा त्यास कसा उपयोग झाला, तें पुढें येईलच.

१८४७ सालीं, विल्यम तेरा वर्षांचा असतां, त्याचा बाप वारला. पुढें मार्लबरो येथील शाळेंत कांहीं वर्षें काढून १८५३ मध्यें तो ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजांत राहावयास गेला. धर्मोपदेशक व्हावें असा त्याचा निश्चय होता, आणि आईचीहि तीच इच्छा होती. कॉलेजांत त्यास एडवर्ड बर्न-जोन्स नांवाचा मित्र भेटला. हा बर्मिंगहॅममधील तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या एका सामान्य मनुष्याचा मुलगा. त्यालाहि धर्मोपदेशकच व्हावयाचें होतें. १८५५ च्या उन्हाळ्यांत हे मित्र उत्तर फ्रान्समधील पुरातन ख्रिस्तमंदिरें पाहात पायीं हिंडले. शेंकडों वर्षांपूर्वींच्या अनाम पाथरवटांनीं, सुतारांनीं व कांचकाम करणाऱ्यांनीं जी भक्ति दगडांत व कांचेंत ओतली होती, ती पाहून दोघांचींहि मनें हालून गेलीं. परतीच्या वाटेवर त्यांनीं ठरविलें कीं, आपलें आयुष्य कलेला वाहावयाचें. बर्न-जोन्स पुढें नामांकित चित्रकार झाला. मॉरिसनें आपला बेत पत्रानें आईस कळविला. तिला फार वाईट वाटलें. श्रीमंत घरचा, ऑक्सफर्डला शिकलेला मुलगा कारागिरी करणार, ही कल्पना त्या काळच्या इंग्लंडांतील आईबापांसहि सहजासहजीं पचण्यासारखी नव्हती. वयांत येतांच त्यास वर्षाकांठीं सुमारें ९०० पौंडांचें उत्पन्न मिळूं लागलें होतें. कांहींहि न करतां तो सुखानें राहूं शकला असता. परंतु स्वस्थ बसणें त्याच्या स्वभावांतच नव्हतें.

१८५९ मध्यें त्यानें जेन बर्डन हिच्याशीं विवाह केला. ती ऑक्सफर्ड येथील एका मोतद्दाराची मुलगी होती. नव्या संसारासाठीं फिलिप वेब या मित्रानें त्यास लंडनबाहेर तांबड्या विटांचें एक घर बांधून दिलें. घर उत्तम झालें. परंतु त्यांत ठेवावयास योग्य असें सामान बाजारांत मिळेना. यंत्रांच्या कारखान्यांतून त्या वेळीं जें कापड, जे पडदे व जें सामान निघे, तें भडक व बेढब असे. तेव्हां मित्रमंडळींनीं सर्व कांहीं आपणच करावयाचें ठरविलें. जेननें लंडनच्या एका दुकानांतून निळें जाडें लोकरी कापड आणलें. त्यावर मॉरिसनें रानफुलांचीं झुडुपें रेखलीं आणि दोघांनीं मिळून तीं लोकरीच्या धाग्यांनीं भरलीं. टांके शिकविणारें कोणी नव्हतें, म्हणून जुन्या भरतकामाचे धागे उसवून ते कसे घातले आहेत हें तीं पाहात. अशा रीतीनें पतिपत्नींनीं एक विसरली गेलेली विद्या पुन्हां हस्तगत केली. याच घरांतील उद्योगांतून १८६१ सालीं मित्रांची एक मंडळी स्थापन झाली. रंगीत कांचा, लांकडी सामान, भरतकाम, भिंतीस चिकटविण्याचे छापील कागद असा सर्व माल ती तयार करूं लागली. १८७५ पासून हा धंदा एकट्या मॉरिसच्या मालकीचा झाला.

येथें त्या काळची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. १८५६ मध्यें पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यानें दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग शोधून काढला. त्यामागून असे अनेक रंग निघाले, आणि वीस वर्षांच्या आंत युरोपांतील रंगाऱ्यांनीं झाडपाल्याचे रंग जवळजवळ टाकून दिले. नवे रंग स्वस्त होते, वापरावयास सोपे होते. परंतु त्या वेळचे पुष्कळसे रंग उन्हानें विटत आणि विटतांना कुरूप होत. मॉरिसच्या मनांतील निळा व तांबडा रंग त्यास कोठेंच मिळेना. दुसरा कोणी असता तर त्यानें रंगाऱ्यावर दोष ठेवून समाधान मानलें असतें. मॉरिसनें स्वतः रंगारी व्हावयाचें ठरविलें.

१८७५ पासून सुमारें दोन-तीन वर्षें तो लीक या गांवीं टॉमस वॉर्डल याच्या रंगशाळेंत पुनःपुन्हां जाऊन राहिला. या वेळीं तो चाळिशी ओलांडलेला, देशभर नांव झालेला कवि होता. दि अर्थली पॅरडाईज हें त्याचें मोठें काव्य घरोघर वाचलें जात होतें. असा मनुष्य लांकडी खडावांसारखे जोडे घालून, बाह्या सारून, पहाटेपासून रंगाच्या कढयांपुढें उभा राही. जेरार्ड व इतर जुन्या ग्रंथकारांचीं पुस्तकें त्यानें आतां रंगारी होण्यासाठीं पुन्हां उघडलीं. पॉप्लर व विलो यांच्या कोंवळ्या डहाळ्या उकळून त्यानें लोकर पिवळी केली. अक्रोडाच्या मुळांपासून व सालींपासून तपकिरी रंग काढला. वेल्ड नांवाच्या रानरोपापासून झगझगीत पिवळा रंग मिळविला. आपल्या मंजिष्ठेच्याच कुळांतील मॅडर या वेलीच्या मुळांपासून तांबडा काढला. ज्या किड्यावरून आपण किरमिजी हा शब्द बोलतों, त्या किड्याचा प्राचीन तांबडा रंगहि त्यानें करून पाहिला. पण त्याचा खरा जीव निळीवर होता.

निळीचें काम हें रंगविद्येंतील कठीण काम होय. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. कुंडांत ती आंबवून किंवा अन्य उपायांनीं तिचें रूप पालटावें लागतें. अशा कुंडांत बुडविलेलें कापड बाहेर येतें तें हिरवट-पिवळें दिसतें, आणि वारा लागतांच आपल्या डोळ्यांदेखत निळें होत जातें. कुंड अधिक तापलें, निवलें किंवा फार ढवळलें गेलें, तर तें बिघडतें. लहान मुलाप्रमाणें त्याची निगा राखावी लागते. हें सर्व मॉरिस हातानें शिकला. त्याचे बाहू कोपरापर्यंत निळे होत आणि तो रंग दिवसेंदिवस जात नसे. त्याच हातांनीं तो लंडनच्या सभ्य मंडळींत जाऊन बसे.

याच काळांतील एक काळी बाजूहि सांगितली पाहिजे, कारण चरित्र म्हणजे केवळ स्तुति नव्हे. ज्या खाणीवर मॉरिसचें कुटुंब श्रीमंत झालें, तींतील तांबें सरत आल्यावर तेथें मोठ्या प्रमाणावर सोमल काढला जाऊं लागला. सोमलापासून एक सुंदर हिरवा रंग होई आणि तो भिंतीच्या कागदांत वापरीत. मॉरिसच्या आरंभींच्या कागदांतहि तो होता. १८७१ पासून १८७५ पर्यंत मॉरिस त्या खाणीच्या संचालकांपैकीं एक होता. सोमलाच्या रंगानें घरांतील माणसें आजारी पडतात असें डॉक्टर म्हणत, तें प्रथम त्यानें मनावर घेतलें नाहीं. पुढें कागद छापणाऱ्यांनीं तो रंग सोडला, आणि मॉरिसनेंहि संचालकाची जागा सोडली. त्या दिवशीं सभांना घालून जाण्याच्या आपल्या उंच टोपीवर तो मुद्दाम बसला आणि त्यानें ती चेपून टाकली, असें सांगतात.

१८७८ मध्यें तो लंडनच्या हॅमरस्मिथ भागांत राहावयास आला. तेथें त्यानें निजावयाच्या खोलींत माग उभा केला आणि एका जुन्या फ्रेंच पुस्तकाच्या आधारानें, ज्याला टॅपेस्ट्री म्हणतात तो चित्रें विणलेला जाड पडदा विणावयास आरंभ केला. रोज उजाडतांच तो मागावर बसे. १८७९ च्या उन्हाळ्यांत चार महिन्यांत ५१६ तास खर्चून त्यानें पानांचा व द्राक्षवेलीचा पहिला पडदा पुरा केला. आधीं स्वतः शिकावें आणि मग दुसऱ्यास सांगावें, हा त्याचा नियम होता. दुकानांत मदतनीस म्हणून आलेल्या जॉन हेन्री डर्ल या तरुणास त्यानें हें विणकाम शिकविलें. तोच पुढें मॉरिसच्या मागें कारखान्याचा मुख्य आकृतिकार झाला. मॉरिसची धाकटी मुलगी मे हिनें १८८५ मध्यें, तेवीस वर्षांची असतां, भरतकामाच्या सबंध खात्याचा कारभार हातीं घेतला. १९०७ मध्यें तिनें कारागीर स्त्रियांचा एक संघहि स्थापिला. आमच्या विद्यार्थिनींनीं हें नांव ध्यानांत ठेवावें.

१८८१ मध्यें मॉरिसनें लंडनच्या दक्षिणेस मर्टन ॲबी येथें वँडल नदीकांठीं सात एकरांची जागा घेऊन कारखाना हालविला. नदीचें पाणी रंगकामास उत्तम होतें. कांठावर विलोंचीं झाडें होतीं, आणि कापड उन्हांत पसरण्यास हिरवें कुरण होतें. कामकऱ्यांस इतर ठिकाणांहून बरें वेतन मिळे. तेथें छापलेल्या कापडांत सर्वांत प्रसिद्ध झालें तें १८८३ सालचें स्ट्रॉबेरी थीफ, म्हणजे स्ट्रॉबेरीचोर. केल्म्स्कॉट या खेड्यांतील त्याच्या घराच्या बागेंत थ्रश पक्षी स्ट्रॉबेरीचीं फळें चोरून खात. त्यांना हांकलण्याऐवजीं मॉरिसनें त्यांना कापडावर बसविलें. हें कापड प्रथम सबंध निळींत रंगवीत. मग लांकडी ठशांनीं रंग काढणारें द्रव्य लावून, जेथें पांढरें हवें तेथें नीळ काढून टाकीत आणि जेथें फिकें हवें तेथें ती कमी करीत. त्यानंतर तांबडा रंग बसवून कापड धूत व उन्हांत टाकीत. शेवटीं पिवळा रंग देत, आणि पिवळा निळ्यावर पडे तेथें पानें हिरवीं होत. या कामास कित्येक दिवस लागत. क्रे नांवाच्या त्याच्या दुसऱ्या एका कापडास तर चौतीस ठसे लागत.

आकृति कशी काढावी याविषयीं त्याचीं मतें निश्चित होतीं. फुलाची हुबेहुब नक्कल कापडावर उतरविणें म्हणजे आकृति नव्हे. तसेंच निसर्गाकडे न पाहतां केवळ रेघोट्या ओढणें म्हणजेहि आकृति नव्हे. वेल कशी वाढते, फांदी कोठें वळते, पान देंठास कसें चिकटतें, हें आधीं पाहावें आणि मग त्या वाढीचा नियम आकृतींत आणावा, म्हणजे पुनःपुन्हां येणारी तीच आकृति डोळ्यास कंटाळवाणी होत नाहीं, असें तो शिकवी. त्याच्या कापडांतून दूरदेशींचीं अपूर्व फुलें क्वचित् आढळतात. डेझी, विलो, हनीसकल, झेंडू, ट्यूलिप अशीं कुंपणावरचीं व परसांतलीं ओळखीचींच झाडें तेथें दिसतात. जें आपल्या दाराशीं उगवतें तें पाहण्यास शिकणें, हाच त्याच्या कलेचा पाया होता.

हिंदुस्थानाशींहि या कारागिराचा संबंध आला. बेळगांव येथें जन्मलेला जॉर्ज बर्डवुड हा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत अध्यापक होता. आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणींतहि त्याचा मोठा वाटा होता. या देशांतील हस्तकलांवर त्यानें जें लिहिलें, त्याबद्दल १८७९ मध्यें त्यास आभाराचें पत्र देणाऱ्यांत मॉरिस होता. त्याच वर्षीं बर्मिंगहॅम येथील भाषणांत मॉरिसनें आपल्याच सरकारास दोष दिला. इंग्रजी व्यापारानें येथील कारागिरांचा धंदा मोडला आणि सरकार तुरुंगांतील कैद्यांकडून स्वस्त गालिचे विणवून उरलीसुरली कलाहि बिघडवीत आहे, असा त्याचा आक्षेप होता. आपल्याकडे येरवड्याच्या तुरुंगांतहि गालिचे विणले जात, हें जुन्या माणसांस ठाऊक आहे.

परंतु निळीची गोष्ट निघाली म्हणजे आणखी एक आठवण केल्यावांचून राहवत नाहीं. त्या काळीं युरोपच्या बाजारांत जाणारी बहुतेक नीळ बंगाल व बिहार येथें पिके, आणि ती पेरण्यास मळेवाले कुळांवर बळजबरी करीत. १८५९-६० मध्यें बंगालच्या शेतकऱ्यांनीं याविरुद्ध उठाव केला. दीनबंधु मित्र यांनीं या जुलमावर नीलदर्पण हें नाटक लिहिलें, आणि त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल जेम्स लाँग या मिशनरीस १८६१ मध्यें एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड झाला. मॉरिसची मंडळी लंडनमध्यें सुरू झाली तेंच हें वर्ष. झाडापासून निघाला म्हणून रंग निर्दोष ठरत नाहीं. तो कोणाच्या घामांतून आला हेंहि विचारावें लागतें. लाँगसाहेबानें तें विचारलें, म्हणून आमच्या शाळांतून त्याचें नांव आदरानें घेतलें पाहिजे.

मॉरिसलाहि हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनें छळीत होता. सुंदर वस्तु सर्वांच्या घरीं असाव्या, अशी त्याची इच्छा. पण हातानें, सावकाश, उत्तम द्रव्यें वापरून केलेल्या वस्तु महाग पडत, आणि त्या केवळ श्रीमंतांसच घेतां येत. गरिबांसाठीं कला आणूं पाहणारा हा मनुष्य धनिकांचे दिवाणखाने सजवीत होता, आणि याची त्यास मनापासून लाज वाटे. म्हणून १८८३ पासून तो समाजवादी चळवळींत शिरला आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभा राहून कामकऱ्यांपुढें भाषणें करूं लागला. त्याचीं राजकीय मतें सर्वांस पटतील असें नाहीं. धर्माच्या बाबतींतहि तो आपल्या तारुण्यांतील श्रद्धेवर टिकला नाहीं. तथापि ज्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें नाहीं तो प्रश्न त्यानें झांकून ठेवला नाहीं, एवढें त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे. तो प्रश्न आजहि सुटलेला नाहीं. पैठणी विणणाऱ्याच्या घरीं पैठणी किती जणींस नेसावयास मिळते, हें आपणच पाहावें.

आयुष्याच्या अखेरीस, १८९१ मध्यें, त्यानें सुंदर ग्रंथ छापण्यासाठीं छापखाना काढला आणि चॉसर कवीचा भव्य ग्रंथ १८९६ मध्यें पुरा केला. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं, बासष्टाव्या वर्षीं, तो मरण पावला. केल्म्स्कॉटच्या स्मशानभूमीकडे त्याची शवपेटी शेतकऱ्याच्या गाड्यांतून नेली. तो गाडा विलोच्या डहाळ्यांनीं व वेलींनीं सजविलेला होता. दुसऱ्याच वर्षीं, १८९७ मध्यें, जर्मनीहून कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि झाडाच्या निळीचा व्यापार हळूहळू बसला. मॉरिसचा कारखानाहि १९४० मध्यें बंद झाला. परंतु त्याच्या आकृतींचें कापड व कागद आजहि छापले जातात.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या देशांतहि निळीचें काम करणारे निराळी, कापड छापणारे भावसार व छिपे, मागावर बसणारे साळी व कोष्टी यांनीं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पळसाचीं फुलें, आलाचीं मुळें, मंजिष्ठा, हळद, डाळिंबाची साल, हिरडा व तुरटी यांचा उपयोग त्यांस तोंडपाठ असे. आपल्या शाळेंत या घरांतील मुलें बसतात. त्यांनीं आपल्या आजोबांचा धंदा सांगतांना खालीं मान घालूं नये. आणि इतरांनीं येत्या सुटींत एखाद्या वृद्ध रंगाऱ्याकडे किंवा विणकराकडे जाऊन, त्यास जें येतें तें विचारून वहींत उतरून घ्यावें. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलाचे हात रंगानें माखले म्हणून त्यास रागावण्यापूर्वीं तो काय करीत होता हें एकदां पाहावें. ऑक्सफर्डच्या विद्वानास जी विद्या मिळविण्यासाठीं चाळिशीनंतर कढईपुढें उभें राहावें लागलें, ती आपल्यांतील कित्येकांच्या घरीं अजून जिवंत आहे. तिचा वारस होणें हा कमीपणा नाहीं.